फाइलच नाही की आवृत्ती जुनी? अपडेटनंतरच्या दोन लायब्ररी-त्रुटी

सिस्टिम अपडेट झाल्यावर कालपर्यंत नीट चालणारा प्रोग्रॅम उघडेनासा होतो आणि टर्मिनलवर कुठल्यातरी लायब्ररीचे (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलचे) नाव असलेली एक ओळ उमटते. बेळगावच्या उद्यमबागेतील मशीन शॉप असो वा खानापूर, निपाणीकडची एखादी पतसंस्था, जिथे उबुंटू या लिनक्स प्रणालीवर काम चालते तिथे या ओळीला सरसकट ‘लायब्ररी मिसिंग’ म्हणून मोकळे होण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात या एका नावाखाली दोन वेगळे बिघाड येतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काही वेळा संगणकच बंद पडतो. म्हणून ओळ पूर्ण वाचणे हे पहिले काम आहे.

पहिल्या प्रकारात ओळीचा शेवट ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा असतो. दुसऱ्या प्रकारात ‘व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ असे शब्द असतात; जीलिबसी ही प्रणालीची मूळ सी लायब्ररी. पहिल्यात लोडरला, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणाऱ्या भागाला, फाइलच मिळालेली नाही. दुसऱ्यात फाइल मिळाली, उघडली, पण प्रोग्रॅमने मागितलेली आवृत्तीची खूण तिच्यात नाही.

पहिल्या प्रकाराचे नेहमीचे उदाहरण ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचे आहे. उबुंटू २०.०४ मध्ये ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ होती, २२.०४ मध्ये तिच्या जागी ‘लिबएसएसएल.एसओ.३’ आली. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातील प्रोग्रॅम नव्या लायब्ररीसाठी पुन्हा बांधलेले असतात, त्यामुळे त्यांना याची झळ लागत नाही. बाहेरून आणून बसवलेला प्रोग्रॅम मात्र जुनेच नाव शोधत राहतो. ‘एलडीडी’ ही आज्ञा प्रोग्रॅमच्या पूर्ण वाटेसह (पाथसह) दिली की कोणत्या लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ आहे ते दिसते; मात्र खात्री नसलेल्या प्रोग्रॅमवर ती चालवू नये, कारण काही वेळा त्या प्रोग्रॅममधील कोड खरोखर चालू शकतो. तिथे ‘ऑब्जडम्प -पी’ वापरून ‘नीडेड’च्या ओळी पाहणे अधिक सुरक्षित आहे.

फाइल डिस्कवर असूनही हीच त्रुटी येऊ शकते. लोडर सगळी डिस्क धुंडाळत नाही. तो प्रोग्रॅममध्ये नोंदवलेल्या वाटा, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या सेटिंगमधले फोल्डर, लायब्ररींच्या वाटांची तयार यादी (कॅशे) आणि ठरलेले फोल्डर एवढेच पाहतो. ‘यूएसआर/लोकल/लिब’मध्ये लायब्ररी टाकली आणि ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवायचे राहिले, तर कॅशेत तिची नोंद होत नाही. अशा वेळी नवे काही बसवायचे नसते, कॅशे ताजी करायची असते.

आता सर्वांत जास्त गोंधळ घालणारा उपाय. लिबएसएसएल १.१ नाही ना, मग ३ च्या फाइललाच त्या नावाची सिमलिंक (फाइलकडे बोट दाखवणारे दुसरे नाव) द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. सिमलिंक दिल्यावर पहिली ओळ खरोखर जाते, पण तिच्या जागी ‘व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड’ ही ओळ येते. म्हणजे पहिला बिघाड सुटला नाही, त्याचा दुसरा झाला. नावातला तो आकडा शोभेचा नसतो. जुन्याशी सुसंगती तुटली आहे हे सांगण्यासाठीच तो बदललेला असतो. योग्य मार्ग प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेण्याचा. २०.०४ चे जुने पॅकेज आणून बसवता येते, पण ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला आहे. नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर ते एक वेळ चालेल. ठेवीदारांच्या खात्यांचे काम होणाऱ्या संगणकावर मी ते कदापि बसवणार नाही.

दुसऱ्या प्रकाराची ओळ नीट पाहिली तर तिच्यात दोन नावे दिसतात. सुरुवातीच्या भागात जिची वाट दिलेली असते ती सापडलेली लायब्ररी, आणि ‘रिक्वायर्ड बाय’पुढे असतो तो मागणारा. समजा, ऑफिसचा संगणक २२.०४ वर नेला, त्यावर मोजमापांची नोंद करणारा छोटा सी प्रोग्रॅम बांधला आणि पेन ड्राइव्हवरून शॉप फ्लोअरवरच्या २०.०४ च्या संगणकावर नेला. तिथे ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ येते. २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये थ्रेडिंगची स्वतंत्र लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवी खूण मिळाली, त्यामुळे चार ओळींचा प्रोग्रॅमही ती खूण मागतो. अपडेट एका संगणकावर झाले आणि त्रुटी दुसऱ्यावर दिसली, म्हणून कारण लवकर ध्यानात येत नाही.

इथे नवी जीलिबसी डाउनलोड करून जुनीच्या जागी टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ‘एलएस’पासून ‘सुडो’पर्यंत जवळपास सर्व काही तिच्यावर उभे आहे, ती बिघडली की दुरुस्तीची साधनेही चालत नाहीत. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर सहसा चालतो, उलटे होत नाही. म्हणून प्रोग्रॅम सर्वांत जुन्या संगणकावर किंवा २०.०४ च्या कंटेनरमध्ये (संगणकातल्याच वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) बांधावा.

‘जीलिबसीएक्सएक्स_३.४.३०’ या सी प्लस प्लस लायब्ररीच्या खुणेची तक्रार मात्र अपडेट झालेल्याच संगणकावर येते. सिस्टिमची सी प्लस प्लस लायब्ररी नवी असते, पण एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरने स्वतःसोबत आणलेली जुनी प्रत आधी लोड होते आणि नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरला हवी ती खूण तिच्यात मिळत नाही. ओळीतली वाट त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरची असेल तर निदान झालेच: ती जुनी प्रत नाव बदलून बाजूला ठेवावी, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ तपासावा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा.