थरोब्रेड नर, देशी घोडी आणि सरकारी पैदाशीचा अर्धा हिशेब

ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अठराव्या शतकाच्या अखेरीस गंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे सरकू लागला, तेव्हा तिच्यापुढे घोड्यांचा प्रश्न उभा राहिला. घोडदळ आणि घोड्यांनी ओढायच्या तोफा या दोन्हींसाठी उंच, रुंद छातीची आणि भक्कम हाडाची जनावरे लागत. ती अफगाण आणि तुर्कमेन व्यापारी उत्तरेकडून आणत, काठेवाडातून येत, इराणी आखातातील अरबी घोडे मुंबईच्या बंदरावर उतरत. परंतु हा सारा पुरवठा दुसऱ्यांच्या हाती होता आणि युद्धाच्या वर्षी तो नेमका आटत असे. म्हणून 1790च्या दशकात कंपनीने बिहारमधील पुसा येथे स्वतःची अश्वपैदास सुरू केली. इंग्लंडातून थरोब्रेड जातीचे नर आणायचे आणि ते आसपासच्या जमीनदारांच्या व शेतकऱ्यांच्या घोड्यांवर सोडायचे, अशी मूळ कल्पना होती.

नराची सेवा देण्याचे दोन प्रकार रूढ झाले. एका प्रकारात घोडी जमीनदाराची असे, सरकारी नर तिला मिळे आणि होणारे शिंगरू पसंतीस उतरले तर कंपनी ते विकत घेई. दुसरा प्रकार निस्फीचा: घोडी कंपनीची, तिचे पालनपोषण शेतकऱ्याचे आणि शिंगराच्या किमतीत निम्मा वाटा. दोन्ही प्रकारांत मोलाची वस्तू मानली जाई ती नराचे रक्त. घोडी ही त्या रक्ताची भूमी आणि भूमी कशीही असली तरी बीज चांगले असले की पीक चांगले येणार, असा हा विश्वास होता. त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याआधी त्या रक्तात नेमके काय होते ते पाहिले पाहिजे.

थरोब्रेड ही जात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडात शर्यतीसाठी घडवली गेली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तिचे तीन प्रसिद्ध मूळपुरुष. तिची वंशनोंद करणारे जनरल स्टड बुक प्रास्ताविक रूपात 1791 साली आणि पहिल्या खंडाच्या रूपात 1793 साली निघाले, म्हणजे पुसाची पैदास आणि थरोब्रेडची अधिकृत वंशावळ या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. या जातीचा पाया किती अरुंद आहे, हे आता जनुकीय पाहणीतून दिसले आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आजच्या थरोब्रेडमधील सुमारे 78 टक्के जनुकीय वारसा केवळ 30 मूळ घोड्यांकडून आलेला आहे आणि पितृवंशाच्या 95 टक्के रेषा एकट्या डार्ली अरेबियनकडे जातात. इतक्या थोड्या पूर्वजांतून आणि एकाच हेतूने, म्हणजे मैल-दोन मैल भरधाव पळण्यासाठी, निवडलेला हा प्राणी होता. दिवसभर पाठीवर शिपाई आणि खोगीर वाहणे, मिळेल ते खाणे, उन्हात तंबूबाहेर उभे राहणे यांसाठी त्याची निवड कधीच झालेली नव्हती.

तरीही उंचीच्या बाबतीत कंपनीची आशा अगदीच भाबडी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घोड्याच्या आकारमानाचे जनुकशास्त्र माणसाच्या उंचीपेक्षा बरेच सोपे निघाले आहे. 2012 सालच्या एका संशोधनात असे आढळले की, निरनिराळ्या जातींच्या घोड्यांमधील आकाराच्या फरकापैकी सुमारे 83 टक्के फरक गुणसूत्रांवरील केवळ चार जागांवरून समजावता येतो. घोड्याच्या 64 गुणसूत्रांपैकी 32 बापाकडून येतात. त्यामुळे उंच नर आपल्या प्रत्येक शिंगराला त्या चारही जागांची एकेक प्रत देतोच. कागदावर हे गणित जमते. उरलेल्या 32 गुणसूत्रांचे, आणि गुणसूत्रांखेरीज घोडी जे देते त्याचे, काय करायचे हा प्रश्न मात्र त्या काळी कोणी नीट मांडलाच नाही.

त्याचे उत्तर पुसाची पैदास बंद पडून साठ वर्षे उलटल्यावर केंब्रिजहून आले. आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी 1938 साली अवाढव्य शायर आणि चिमुकल्या शेटलंड या दोन जातींचा उलटसुलट संकर केला. आकारांतील तफावतीमुळे त्यांना कृत्रिम रेतनाचा आधार घ्यावा लागला. दोन्ही बाजूंनी होणाऱ्या शिंगरांचा जनुकीय वारसा जवळजवळ सारखा, अर्धा शायर आणि अर्धा शेटलंड असाच होता. फरक एवढाच की एका गटाची आई शायर होती आणि दुसऱ्याची शेटलंड. शायर घोडीच्या पोटी जन्मलेली शिंगरे जन्मतः शेटलंड घोडीच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट वजनाची भरली. लहान घोडीच्या गर्भाशयाने आणि वारेने गर्भाच्या वाढीला लगाम घातला होता. वयाबरोबर ही तफावत कमी झाली, पण ती पुरती बुजली नाही. वार जितक्या पृष्ठभागावर गर्भाशयाला चिकटते तितकेच पोषण गर्भाला पोहोचते, आणि घोडीची वार गर्भाशयाच्या संपूर्ण अस्तरावर पसरलेली असल्यामुळे गर्भाशयाचा आकार हीच तिची मर्यादा ठरते. गंगेकाठच्या किंवा भीमेकाठच्या लहान चणीच्या घोडीला पंधरा हँड, म्हणजे सुमारे 152 सेंटीमीटर किंवा त्याहून उंच नर दाखवला, तरी तिच्या पोटातली जागा तेवढीच राहणार होती.

पुढचा अडसर दुधाचा आणि ऋतूचा. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते. त्यामुळे शिंगरे साधारणपणे वसंतात जन्मतात. इंग्लंडात एप्रिलमध्ये जन्मलेल्या शिंगराच्या आईला पुढचे तीन महिने कोवळे हिरवे गवत मिळते आणि दूध सर्वांत जास्त असते ते नेमके याच काळात. हिंदुस्थानात फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यालेल्या घोडीपुढे एप्रिल ते जून हे महिने येतात, तेव्हा कुरणे करपलेली असतात आणि हिरवा चारा मृगाच्या पावसानंतरच दिसतो. शिंगराची हाडे सर्वांत वेगाने वाढण्याच्या दिवसांत आई कडब्यावर आणि कोंड्यावर असे.

कोंड्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद कॅल्शियमच्या अनेक पट असते. आहारात हे प्रमाण असे उलटे झाले की आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही, रक्तातली पातळी टिकवण्यासाठी गळ्यातील परावटु ग्रंथी हाडांतले कॅल्शियम ओढू लागतात आणि रिकाम्या झालेल्या जागी तंतुमय ऊतक भरते. जबड्याची हाडे फुगतात, पाय लंगडतात, आणि वाढत्या वयात हे घडले तर जनावर कायमचे अधू होते. त्यातच शिंगरांना लहानपणापासून अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढून-मागून दोरांनी, बांधून ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी होती. हाड हे त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार घडते. मोकळ्या कुरणात उधळलेल्या शिंगराच्या नळ्यांची जाडी दोरीला बांधलेल्या शिंगराला येत नाही, मग त्याचा बाप कोणीही असो.

या गोष्टी सर्वांच्याच नजरेआड होत्या असे मात्र नाही. 1808 साली पुसाची सूत्रे हाती घेणारा विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेला पहिला इंग्रज मानला जातो. त्याने पुसाला ओटची लागवड वाढवली आणि चाऱ्याकडे लक्ष पुरवले. पैदाशीसाठी अधिक चांगली जनावरे मिळावीत म्हणून तो आधी हिमालयापलीकडे मानसरोवरापर्यंत गेला आणि पुढे तुर्कमेन घोड्यांच्या शोधात थेट बुखाऱ्यापर्यंत पोहोचला. परतीच्या वाटेवर 1825 साली अफगाण तुर्कस्तानात त्याचा अंत झाला. माझ्या मते सबंध शतकातील सरकारी अश्वपैदाशीचा हा सर्वांत जाणता माणूस, आणि तोही शेवटी चांगला नर कोठेतरी दूर आहे या समजुतीपायी प्राणास मुकला.

आनुवंशिकतेची तेव्हाची समजूतच अशी होती. मेंडेलचे नियम 1900 पूर्वी कोणाच्या खिजगणतीत नव्हते आणि मातेला प्रथम लाभलेल्या नराचा ठसा तिच्या पुढच्या सर्व संततीवर उमटतो, असे भलेभले पैदासकार मानत. लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीला आधी क्वागा या झेब्र्याच्या जातभाईपासून आणि नंतर अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांवर पट्टे दिसले, ही 1821 साली प्रसिद्ध झालेली हकिकत त्याचा पुरावा म्हणून सांगितली जाई. कॉसर ईवर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झेब्र्याच्या संकराचे प्रयोग करून ती समजूत खोटी पाडली.

रोगांचा हिशेब याहून कठीण होता. 1880 साली पंजाबातील डेरा इस्माइल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स यांना सर्रा नावाचा रोग झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म परजीवी दिसले. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोम, म्हणजे रक्तात राहणारा एकपेशीय परजीवी, प्रथमच सापडला होता. चावऱ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात आणि उपचाराविना घोडा बहुधा वाचत नाही. या रोगावरील पुढचे महत्त्वाचे काम आपल्या पुण्यात झाले. 1889 साली येथे सुरू झालेल्या शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर संशोधन केले. हीच प्रयोगशाळा 1893 साली मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तिचीच इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. कुमरी नावाचा दुसरा रोग घोड्याच्या मागच्या अंगाची ताकद घेई. त्याचे कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कळले नव्हते: गाईबैलांच्या पोटात फारसा त्रास न देता राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या डासांवाटे घोड्यात शिरतात आणि वाट चुकून मज्जारज्जूत भटकतात. शेतकऱ्याच्या गोठ्यात बैलाशेजारी बांधलेली सरकारी शिंगरे या रोगाच्या तोंडी अलगद दिली गेली होती.

बंगाल इलाख्यातील पुसाची ही पैदास 1870च्या दशकात मोडीत निघाली. त्यानंतर पशुवैद्य जेम्स हॅलन यांच्या देखरेखीखाली नवी पद्धत आली. सरकार शेतकऱ्याची घोडी तपासून पसंत पडल्यास तिला डाग देई. डाग असलेल्या घोडीला सरकारी नर फुकट मिळे आणि शिंगरू कोणालाही विकण्याची मालकाला मोकळीक असे. नरांमध्ये थरोब्रेडबरोबर अरबी आणि नॉरफोक ट्रॉटर या इंग्लिश जातीचाही समावेश झाला. मला या योजनेतील सर्वांत शहाणी गोष्ट डाग ही वाटते, कारण निवडीची नजर प्रथमच घोडीकडे वळली होती.

दख्खनची अडचण निराळी होती. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा लहान चणीचा, काटक आणि मराठ्यांच्या स्वारीला पुरेपूर उतरलेला. अरबी नराची उंची थरोब्रेडपेक्षा कमी असल्यामुळे येथल्या घोडीशी त्याची विजोड कमी होती आणि तो मुंबईत सहज मिळेही. परंतु 1818 नंतर शिलेदाराची मागणीच संपली. जो घोडा घेऊन चाकरीला उभे राहायचे ती चाकरी उरली नाही, तर कुणबी चांगली घोडी कशाला राखील? इंग्रज अधिकारी देशी पैदासकाराच्या आळसाला दोष देत, आणि तो दोष मला पटत नाही. शेताला बैल लागतात. लष्करी घोडा चार वर्षांचा होईपर्यंत पोसायचा आणि खरेदी अधिकाऱ्याने तो नापसंत केला तर गळ्यात घ्यायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे हे त्याला कळत होते.

दरम्यान न्यू साउथ वेल्समधून येणाऱ्या घोड्यांनी, म्हणजे वेलरनी, लष्कराची गरज मोठ्या प्रमाणावर भागवायला सुरुवात केली होती. वेलरमध्येही थरोब्रेड नरांचे रक्त होते. फरक असा की तेथे ते मोठ्या घोड्यांवर सोडले गेले, शिंगरे विस्तीर्ण कुरणांवर मोकळी वाढली आणि सर्रा त्या खंडात नव्हता. पंजाबात 1900 नंतर झेलम कालव्याच्या वसाहतीत घोडी पाळण्याच्या अटीवर जमिनी दिल्या गेल्या. तेथेही प्रश्न नर मिळण्याचा नसून घोडी राखण्याचाच होता.

आज थरोब्रेड पुण्याच्या परिसरातील स्टड फार्मवर व्यवस्थित वाढतो. नियमानुसार कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंद होत नाही, म्हणजे नर आणि घोडी यांची भेट कंपनीच्या काळात होई तशीच आजही होते. परंतु घोडीही थरोब्रेड असते, तिला लसूणघास आणि मोजून दिलेले कॅल्शियम मिळते, शिंगरू कुंपणाच्या कुरणात मोकळे सोडले जाते आणि गुरांचा गोठा तेथून दूर ठेवलेला असतो.