फ्यूजबोर्ड बदलल्यानंतर आरसीसीबी ट्रिप होणे

किटकॅट फ्यूजचा (चिनी मातीच्या पकडीत तार बसवलेल्या फ्यूजचा) जुना लाकडी बोर्ड काढून एमसीबी (जादा प्रवाह झाला की बंद होणारा स्विच) आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेली डीबी, म्हणजे वितरण पेटी, बसवली की आरसीसीबी वारंवार पडू लागतो, म्हणजे ट्रिप होऊन वीज तोडतो, ही गोव्यातील जुन्या घरांतली ओळखीची तक्रार. बोलताना याच उपकरणाला बरेच जण ईएलसीबी म्हणतात. दोष बहुधा नव्या डीबीत नसतो. तो वायरिंगमध्ये आधीपासूनच असतो, फक्त फ्यूजला तो कळत नसे. फ्यूजची तार वितळायला कित्येक अँपिअर जादा प्रवाह लागतो. आरसीसीबीला काही मिलिअँपिअरची गळती पुरते.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो. घरगुती ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या फरकावर कुठेही पडू शकतो, त्यामुळे २० वर पडला तर तो खराब आहे असे नव्हे. हा फरक ओल्या सॉकेटमधून, गीझरच्या चिरलेल्या एलिमेंटमधून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेलेला असतो.

सर्वांत फसवा दोष न्यूट्रलचा. जुन्या बोर्डात सगळे न्यूट्रल एकत्र पिळलेले असत आणि नवा पॉइंट काढताना जवळच्या खोलीतला न्यूट्रल उसना घेतला जाई. डीबीत दोन आरसीसीबी असतील तर ही उसनवारी लगेच उघडी पडते: जिन्यातल्या दिव्याचा फेज तळमजल्याच्या आरसीसीबीवरून, न्यूट्रल मात्र माडीवरच्या. बटण दाबताच एक किंवा दोन्ही पडतात. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधी जोडला गेल्यावरही असेच होते.

दुसरा प्रकार म्हणजे न्यूट्रल आणि अर्थिंग यांचा संपर्क: उंदराने कुरतडलेली केबल, स्क्रूखाली चिमटलेली वायर, किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिना जोडून ठेवलेल्या. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, म्हणून तो बंद केला तरी हा दोष सर्किटमध्ये तसाच राहतो. पलीकडे गीझर सुरू झाला की न्यूट्रलच्या प्रवाहाचा काही भाग अर्थिंगने निघून जातो, आरसीसीबी पडतो आणि बोल मात्र गीझरला लागतो.

शोध असा घ्यावा. सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. केवळ स्विच बंद करणे पुरत नाही. सगळे एमसीबी बंद करून आरसीसीबी वर करावा, मग एकेक एमसीबी चालू करावा. ज्यावर पडेल त्या सर्किटची उपकरणे एकेक जोडून पाहावीत. एमसीबी बंद असतानाही पडत असेल, किंवा कोणत्याही एका सर्किटला जबाबदार धरता येत नसेल, तर मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरच्या) वायरी एकेक सोडवाव्यात आणि प्रत्येकीवर सर्किटचे नाव लिहावे. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्येक फेज व न्यूट्रल वायर अर्थिंगशी तपासावी. किमान १ मेगाओहम हवा. शून्याजवळ काटा आला की दोषाची वायर सापडली. हे काम परवानाधारक वायरमनचे आहे. मीटरच्या आधीच्या सीलबंद भागाला हात लावू नये, तो वीज खात्याचा.

जून ते सप्टेंबर हा सर्वांत त्रासाचा काळ. चिऱ्यांची भिंत ओल धरते, बल्कांवातल्या (घरापुढच्या बसायच्या ओसरीतल्या) दिव्यात पाणी शिरते, विहिरीच्या पंपाची जोडणी भिजते. रात्रीच्या पावसात पडणारा आणि दुपारच्या उन्हात टिकणारा आरसीसीबी याच जागांकडे बोट दाखवतो. अशा ठिकाणी झाकणबंद जंक्शन बॉक्स लावावा, केबल खालच्या बाजूने आत घ्यावी आणि तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या टोकावरून गळतो, बॉक्समध्ये जात नाही. चतुर्थीच्या माळा ओल्या अंगणातून ओढताना त्यांचे जोड जमिनीवर ठेवू नयेत.

कंटाळून ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर पडणे थांबेल, पण तो आगीपासून वाचवतो, शॉक बसणाऱ्या माणसाला नाही. टेस्ट बटणाने आरसीसीबीची यंत्रणा चालते एवढेच कळते. घरचे अर्थिंग ठीक आहे की नाही ते त्यातून कळत नाही, ते वेगळे मोजावे लागते.