ऑर्डर फॉर्मवरची एक खूण

विकायला काढलेल्या जुन्या अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेल्या गाड्यांच्या, जाहिराती चाळताना नवखा माणूस एका ठिकाणी हमखास अडखळतो. १९६५ची पोन्टियॅक जीटीओ, रंगकाम नवं, इंजिन ठणठणीत. खाली तशीच दुसरी, तोच रंग, तेच इंजिन, आणि भाव बराच कमी. फरक असतो तो एवढाच, की पहिलीच्या जाहिरातीत ‘पीएचएसचे कागद सोबत’ अशी ओळ असते. पोन्टियॅकच्या कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून अमुक नंबरची गाडी काय काय लावून बाहेर पडली, ते ही संस्था लिहून देते. त्या कागदाला एवढा भाव का, हे कळायला १९६३ सालात जावं लागतं.

त्या वर्षीच्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना मोटारशर्यतींतून बाहेर पडायला सांगितलं. पोन्टियॅकची पंचाईत झाली, कारण तिचं नावच शर्यतींवर मोठं झालेलं. मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी मग मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या पोन्टियॅकचं ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं. बसवायला फारसा त्रास नव्हता. टेम्पेस्टमधलं ३२६ घनइंची इंजिन बाहेरून त्याच मापाचं होतं. हलक्या गाडीत मोठं इंजिन ही कल्पनाही नवी नव्हती, ओल्ड्समोबिलने १९४९च्या ‘रॉकेट ८८’मध्ये ती वापरली होती. आड येत होता कंपनीचा नियम: मधल्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही.

पळवाट कारकुनी होती. नवं मॉडेल काढायचं तर वरून मंजुरी हवी. जादा सामानाच्या यादीत एक ओळ वाढवायला मात्र कोणी विचारत नव्हतं. म्हणून १९६४ची जीटीओ ही मुळात वेगळी गाडी नव्हतीच. टेम्पेस्ट ल मान्स घेताना फॉर्मवर एक खूण करायची आणि सुमारे २९५ डॉलर जास्त मोजायचे. नाव तर सरळ फेरारीकडून उचललेलं. विक्री विभागाने पाच हजार गाड्यांचा अंदाज धरला होता. खपल्या ३२,४५०.

पण खूण फॉर्मवर राहिली, गाडीच्या नंबरात उतरलीच नाही. १९६४ आणि ६५च्या जीटीओचा चासी नंबर साध्या ल मान्ससारखाच. १९६६मध्ये ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि नंबर २४२ने सुरू होऊ लागला. त्यामुळे ६६ची गाडी स्वतःच साक्ष देते. ६५चीला कागद आणावा लागतो. साध्या गाडीला बिल्ले आणि इंजिन लावून ‘जीटीओ’ करणाऱ्यांचं तिथेच फावलं.

पुढच्या सहा वर्षांत सगळेच या खेळात उतरले. क्रायस्लरने १९६६मध्ये ४२६ घनइंची ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांना दिलं. प्लायमाउथची १९६८ची रोड रनर माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक: आत गालिचाऐवजी रबर, पैसा सगळा इंजिनात, आणि हॉर्न कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा. (आपल्याकडच्या आजोबांना प्लायमाउथ-डॉज म्हटलं की कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात जुळवलेल्या ऐसपैस गाड्या आठवतील. ही त्यांची दांडगट नातवंडं मात्र इथवर पोचली नाहीत.)

कागदी पळवाटेचा कळस १९६९च्या झेडएल-१ कॅमारोत दिसतो. जनरल मोटर्सच्याच शेवरोलेकडे टॅक्सी, पोलिसगाड्या अशा घाऊक ऑर्डरींसाठी ‘कोपो’ नावाची वेगळी सोय होती. इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावचा डीलर फ्रेड गिब याने त्याच वाटेने अॅल्युमिनियमच्या ४२७ घनइंची इंजिनाच्या पन्नास कॅमारो मागवल्या. गाडीची किंमत सात हजार डॉलरांपुढे गेली, गिऱ्हाईक फिरकेना, आणि बऱ्याच गाड्या परत पाठवाव्या लागल्या. एकूण बनल्या ६९. तेव्हा नकोशा झालेल्या या गाड्या आज बड्या लिलावांत मिरवतात.

१९७०मध्ये जनरल मोटर्सने मधल्या गाड्यांवरची इंजिनाची मर्यादा उठवली आणि ४५० अश्वशक्तीची शेवेल एसएस ४५४ आली. तिथून उतरणच. तरुण मालकांचे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे कडक झाले, ७१मध्ये इंजिनांचं कॉम्प्रेशन घटलं, ७२मध्ये शक्ती मोजायची पद्धत बदलल्याने आकडे आणखी खाली आले. ऑक्टोबर १९७३च्या तेलबंदीने उरलंसुरलं संपवलं.

यानंतरच्या वर्षांनीच आजचा बाजार घडवला आहे. या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोल झाल्या. पोरांनी त्या घेतल्या, पळवल्या, इंजिनं फोडली, मिळेल ते दुसरं बसवलं आणि शेवटी परसात सोडून दिल्या. म्हणून मूळ इंजिनाची गाडी दुर्मीळ, आणि म्हणूनच ‘प्रोजेक्ट’ म्हणून विकायला येणारा सांगाडा इतका अर्धवट असतो. व्हिनाइलचं छप्पर असेल तर त्याखाली मुरलेल्या पाण्याने मागच्या काचेची चौकट खाल्लेली असते; डिकीचा तळ गेलेला असतो; मागच्या चाकावरच्या पत्र्याला चुंबक लावलं तर चिकटत नाही, कारण आत पुट्टी. तरी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर कारखान्याचा जुळणीचा कागद सापडला, उंदरांनी कुरतडलेला का असेना, तर सांगाड्याचा भाव चढतो.

नवा पत्रा आता सहज मिळतो. १९६९च्या कॅमारोची तर अख्खी नवी बॉडीच बाजारात आहे. इंजिनावरचा जुना नंबर घासून नवा ठोकणारेही आहेत. त्यामुळे जाणता गिऱ्हाईक चकचकीत रंगाकडे उशिरा बघतो. आधी टॉर्च घेऊन समोरच्या काचेतून (१९६८पासूनच्या गाड्यांत) डॅशबोर्डवरच्या नंबरपट्टीवर वाकतो आणि तिचे दोन रिव्हेट तपासतो: फुलाच्या आकाराच्या डोक्याचे, कारखान्याचेच आहेत, की कुणी पट्टी उचकटून पुन्हा बसवली आहे.