अर्धगुणसूत्री विभाजन

लैंगिक प्रजनन करणाऱ्या सजीवांत युग्मके (अंडपेशी, शुक्रपेशी) किंवा बीजाणू तयार होताना घडणारे पेशीविभाजन. यात जनकपेशीतील डीएनएची प्रतिकृती एकदाच होते, मात्र केंद्रक लागोपाठ दोन वेळा विभागते. त्यामुळे एका द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशीपासून निम्मी गुणसूत्रे असलेल्या चार एकगुणित पेशी मिळतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, युग्मकात २३; कांद्यात १६ व ८, ज्वारीत २० व १०, फळमाशीत ८ व ४. फलनाच्या वेळी दोन युग्मकांची केंद्रके एकत्र येऊन मूळ संख्या परत मिळते. सूत्री विभाजनाशी, म्हणजे शरीरपेशींच्या नेहमीच्या विभाजनाशी, या प्रक्रियेचे बाह्य साम्य बरेच आहे. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था व अंत्यावस्था ही नावेही दोन्हींत तीच आहेत. खरा फरक पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत आहे. आनुवंशिकतेच्या मूलभूत नियमांचा उगम येथेच असल्यामुळे या अवस्थेचा विचार विस्ताराने करणे आवश्यक आहे.

प्रक्रिया : पहिली पूर्वावस्था दीर्घकाळ चालते व तिचे पाच टप्पे मानले जातात. लेप्टोटीनमध्ये गुणसूत्रे लांब, बारीक धाग्यांसारखी दिसतात. प्रतिकृती आधीच झालेली असल्याने प्रत्येक धागा प्रत्यक्षात दोन अर्धगुणसूत्रांचा (एकाच गुणसूत्राच्या जोडलेल्या प्रतींचा) असतो, मात्र साध्या सूक्ष्मदर्शकातून ते सहसा ओळखू येत नाही. झायगोटीनमध्ये आईकडून आलेले गुणसूत्र बापाकडून आलेल्या आपल्या समजात (त्याच प्रकारच्या) गुणसूत्राशेजारी येते आणि दोघे लांबीभर एकमेकांना चिकटतात. पॅकिटीनमध्ये ही जोडणी पूर्ण झालेली असते. डिप्लोटीनमध्ये जोडीदार दूर सरू लागतात, परंतु काही ठिकाणी परस्परांत अडकून राहतात. या फुलीसारख्या जागांना कायाझ्मा म्हणतात. डायकायनेसिसमध्ये गुणसूत्रे आखूड व जाड होतात आणि केंद्रकावरण नाहीसे होते.

पहिल्या पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू (अर्धगुणसूत्रे जोडलेली असतात त्या जागा) दुभंगत नाहीत; पेशीच्या ध्रुवांकडून येणारे तुर्कतंतू संपूर्ण समजात गुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे ओढतात. संख्या निम्मी होते ती येथे. दुसरे विभाजन सूत्री विभाजनासारखेच असून त्यात अर्धगुणसूत्रे वेगळी होतात. पुरुषात एका जनकपेशीपासून चार शुक्रपेशी बनतात. स्त्रीमध्ये जीवद्रव्याची वाटणी असमान होऊन एकच मोठी अंडपेशी उरते व बाकीची केंद्रके बारीक ध्रुवीय पिंडांतून बाहेर टाकली जातात. मानवी मादी गर्भात ही प्रक्रिया जन्मापूर्वीच सुरू होऊन डिप्लोटीनपाशी थांबते आणि त्या त्या अंडपेशीच्या अंडमोचनाच्या सुमारास, म्हणजे काही वेळा चाळीसहून अधिक वर्षांनी, पुढे सरकते. दुसरे विभाजन तर शुक्रपेशी आत शिरल्याशिवाय पूर्ण होत नाही.

शोधाचा इतिहास : या विभाजनाचा शोध नेमका कोणी लावला, याचे एका नावात उत्तर देता येत नाही. बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ एदुआर व्हान बेनेडेन यांनी १८८३ मध्ये घोड्याच्या आतड्यातील जंतावर केलेले काम सामान्यतः आरंभबिंदू मानले जाते. या जंतात गुणसूत्रे अगदी थोडी व ठळक असल्याने अंडकेंद्रक आणि शुक्रकेंद्रक सारखीच गुणसूत्रे आणतात व ती शरीरपेशीच्या निम्मी असतात, हे त्यांना स्पष्ट दिसले. तथापि ही निम्मी संख्या कशी येते याचा त्यांनी लावलेला अर्थ टिकला नाही. पक्व होताना अंडे आपल्यातील ‘नर’ भाग बाहेर टाकते, असे त्यांचे मत होते. आउगुस्ट व्हाइसमान यांनी १८८७ मध्ये केवळ तर्काने असे सांगितले, की पिढ्यान्‌पिढ्या आनुवंशिक द्रव्य दुप्पट होत जाऊ नये यासाठी ते निम्मे करणारे एक वेगळे विभाजन असलेच पाहिजे. ओस्कार हेर्टविग यांनी १८९० मध्ये त्याच जंतात अंडपेशी व शुक्रपेशी यांच्या निर्मितीतील टप्पे समांतर मांडून दाखवले. निरीक्षण व्हान बेनेडेन यांचे, आवश्यकतेची जाणीव व्हाइसमान यांची आणि सुसंगत वर्णन हेर्टविग व थिओडोर बोव्हेरी यांचे, अशी वाटणी अधिक न्याय्य वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी गुणसूत्रांची जोडी नेमकी कशी जमते यावर मोठा वाद झाला. हान्स फोन विनिवार्टर यांनी १९०० मध्ये सशाच्या अंडाशयावरून धागे शेजारी-शेजारी जुळतात असे दाखवले. बेल्जियममधील व्हिक्टर ग्रेग्वार यांनी वनस्पतींवरून त्याला पाठबळ दिले. उलट, इंग्लंडमधील जॉन फार्मर व जॉन मूर यांच्या मते गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एका ओळीत येतात आणि मग दुमडतात. हा दुसरा पक्ष दीर्घकाळ टिकला, कारण ईनोथेरा या वनस्पतीत गुणसूत्रे खरोखरच टोकांनी जुळून कडे करतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या गुणसूत्रांत पूर्वी खंडांची अदलाबदल झाली असली तर अशी कडी बनतात, हा उलगडा १९२० च्या दशकात झाल्यावर तो अपवाद नियमात बसला. १९५६ मध्ये माँट्रोझ मोझेस व डॉन फॉसेट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून जोडीदारांच्या मधोमध शिडीसारखी प्रथिनांची रचना स्वतंत्रपणे पाहिली, तेव्हा शेजारी-शेजारी जुळण्याबद्दल शंका घेण्यास जागा उरली नाही.

मेंडेलशी संबंध : ग्रेगोर मेंडेल यांनी ब्र्युन (आजचे चेकियातील ब्र्नो) येथे १८६५ मध्ये वाचलेला व १८६६ मध्ये छापलेला मटारावरील निबंध १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आला. वॉल्टर सटन या अमेरिकन विद्यार्थ्याने १९०२–०३ मध्ये ब्रॅकिस्टोला या नाकतोड्याच्या वृषणातील गुणसूत्रांचे आकार मोजले व ती जोड्यांनी असतात आणि विभाजनात प्रत्येक जोडी फुटते हे दाखवले. मेंडेल यांच्या कारकांचे (आजच्या भाषेत जनुकांचे) वर्तन हे याच जोड्यांचे वर्तन आहे, असे त्यांनी सुचवले. पुढे या कल्पनेला सटन-बोव्हेरी सिद्धांत असे नाव रूढ झाले. बोव्हेरी यांचे महत्त्वाचे योगदान वेगळे होते : प्रत्येक गुणसूत्राचा गुणधर्म निराळा असतो, हे त्यांनी १९०२ मध्ये समुद्री अर्चिनच्या गर्भांवरून दाखवले. मेंडेलशी जोडणारी मांडणी मुख्यतः सटन यांचीच म्हणावी, हा अलीकडील इतिहासकारांचा कल सयुक्तिक दिसतो.

मेंडेल यांचा विभक्तीकरणाचा नियम (जोडीतील दोन कारक वेगवेगळ्या युग्मकांत जातात) म्हणजे पहिली पश्चावस्था, आणि स्वतंत्र वाटणीचा नियम (एका जोडीची वाटणी दुसरीवर अवलंबून नसते) म्हणजे तिच्या आधी मध्यावस्थेत प्रत्येक जोडीने इतर जोड्यांशी निरपेक्षपणे घेतलेली दिशा. ही निरपेक्षता प्रत्यक्ष दाखवण्याचे श्रेय एलीनॉर कॅरोदर्स यांना जाते. १९१३ मध्ये त्यांनी जोडीतील दोन गुणसूत्रे दिसायला असमान असलेल्या नाकतोड्यात ती कोणत्या ध्रुवाकडे जातात हे मोजले. माणसातील २३ जोड्यांमुळे केवळ दिशांच्या फरकातून ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके संभवतात. मेंडेल यांनी निवडलेले सात गुण मटारच्या सात गुणसूत्रांवर एकेक विभागलेले होते, हे विधान पाठ्यपुस्तकांत अजूनही आढळते. ते बरोबर नाही. काही जनुके एकाच गुणसूत्रावर आहेत, परंतु त्यांतील बहुतेक एकमेकांपासून इतकी दूर आहेत की जोडीदार गुणसूत्रांत मध्ये होणाऱ्या खंडांच्या अदलाबदलीमुळे ती स्वतंत्र असल्यासारखी वागतात.

कायाझ्मा व खंडांची अदलाबदल : बेल्जियममधील लूव्हँ येथील पेशीशास्त्रज्ञ फ्रान्स आल्फोन्स यान्सेन्स यांनी १९०९ मध्ये सॅलॅमँडरच्या वृषणावरून असे मत मांडले, की कायाझ्माच्या जागी आईकडील व बापाकडील प्रत्येकी एक अर्धगुणसूत्र तुटून आडवे सांधले गेलेले असते. या मताचा आधार टी. एच. मॉर्गन यांनी फळमाशीतील जनुकांच्या संलग्नतेचा (काही जनुके एकत्रच पुढे जाण्याचा) अर्थ लावताना घेतला, आणि त्यांचे विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये सहा जनुकांचा पहिला नकाशा काढला. तरीही अनेक पेशीशास्त्रज्ञ यान्सेन्स यांना मानण्यास तयार नव्हते. कार्ल सॅक्स यांच्या नावाशी निगडित ‘अभिजात’ मतानुसार कायाझ्मा ही आधी फक्त एक फुली असते. नंतर ताणामुळे तेथे तुटले तरच अदलाबदल होते. म्हणजे एका मताने कायाझ्मा हे अदलाबदलीचे फळ, तर दुसऱ्या मताने तिचे कारण. सिरिल डार्लिंग्टन यांनी १९३० च्या दशकात यान्सेन्स यांचा पक्ष जोरकसपणे मांडला.

दरम्यान अदलाबदल भौतिक आहे हे १९३१ मध्ये सिद्ध झाले. हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या नवव्या गुणसूत्राचे एक टोक गाठीवरून व दुसरे टोक दुसऱ्या गुणसूत्राच्या जोडलेल्या तुकड्यावरून ओळखले. दाण्याचा रंग व मेणचटपणा या गुणांची नवी जुळणी दिसली तेथे गाठ व तुकडा यांचीही नवी जुळणी झालेली होती. कर्ट श्टर्न यांनी त्याच वर्षी फळमाशीत हाच निष्कर्ष काढला. अदलाबदल प्रतिकृतीनंतर, चार अर्धगुणसूत्रे असताना होते, हे त्याआधी १९२५ मध्ये दाखवले गेले होते. मात्र कायाझ्मा व अदलाबदल यांची जागा एकच आहे, हे थेट दिसण्यास १९७८ उजाडले : टोळाच्या गुणसूत्रांतील दोन अर्धगुणसूत्रे वेगवेगळ्या छटांत रंगवल्यावर छटा बदलण्याची जागा व कायाझ्मा जुळले. या पुराव्यानंतर अभिजात मत मागे पडले.

रेणवीय पातळीवर आता असे समजले जाते, की एसपीओ११ हे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे हेतुतः तोडते आणि समजात गुणसूत्राचा नमुना वापरून ती जखम सांधली जाते. बहुतेक तुटी अदलाबदल न होताच जुळतात, परंतु सामान्यतः प्रत्येक जोडीत निदान एक तरी अदलाबदल होते. हे बंधन महत्त्वाचे आहे. अदलाबदलीचा उल्लेख प्रायः ‘विविधतेचे साधन’ म्हणून केला जातो. पण तिचे तातडीचे काम यांत्रिक आहे. कायाझ्मा जोडीदारांना एकत्र धरून ठेवतो म्हणून तुर्कतंतूंना दोन विरुद्ध दिशांचा ताण मिळतो. त्याशिवाय जोडी योग्य रीतीने फुटत नाही. नर फळमाशी व मादी रेशीमकिडा यांत अदलाबदल होतच नाही, तेथे जोडी धरून ठेवण्याची वेगळी सोय असते.

विभाजनातील दोष : जोडी किंवा अर्धगुणसूत्रे वेगळी न झाल्यास युग्मकात एखादे गुणसूत्र जास्त वा कमी येते. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये फळमाशीतील अशा दोषाचाच उपयोग करून जनुके गुणसूत्रांवर असल्याचा पुरावा दिला. माणसातील गुणसूत्रे ४६ आहेत हेच १९५६ पर्यंत निश्चित नव्हते (त्यापूर्वी ४८ मानली जात). १९५९ मध्ये डाउन सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र तीनदा असते हे कळले. ते जादा गुणसूत्र बहुतेक वेळा अंडपेशीतून आलेले असते व आईच्या वयाबरोबर त्याचा संभव वाढतो : विशीत साधारण १,५०० जन्मांत एक, चाळिशीला १०० त एक. अनेक वर्षे थांबून राहिलेल्या अंडपेशीत गुणसूत्रे एकत्र धरणारी कोहेसिन प्रथिने झिजतात, हे यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. यात कोणाच्याही वागण्याचा दोष नसतो, हे आपल्याकडे अद्याप सांगावे लागते.

जोडीदार नसला की हे विभाजन अडते. घोड्यात ६४ व गाढवात ६२ गुणसूत्रे असल्याने खेचरात ६३ येतात व ते सहसा वांझ असते. लागवडीतील बहुतेक केळी त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३) असतात. तीनांची सुबक वाटणी होत नसल्याने कार्यक्षम युग्मके बनत नाहीत, म्हणून केळ्यात बी धरत नाही व लागवड मुनव्यांनी करतात. संख्येचा सजीवाच्या गुंतागुंतीशी मात्र संबंध नाही. सह्याद्रीच्या जंगलातही आढळणाऱ्या भेकराच्या मादीत ६ व नरात ७ च गुणसूत्रे आहेत, तर त्याच्या जवळच्या चिनी जातीत ४६.

उत्क्रांती : हे विभाजन सूत्री विभाजनापासून उद्भवले असावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. जोडी जमवणे ही त्यातील सर्वांत नवी पायरी असावी. ते प्रथम डीएनए दुरुस्तीसाठी उपयोगी पडले, असेही एक मत आहे. लैंगिक प्रजननाचा सर्वांत जुना जीवाश्म समजली जाणारी कॅनडातील लाल शैवाल बँजिओमॉर्फा हिचे वय पूर्वी सुमारे १२० कोटी वर्षे सांगत. २०१८ च्या मापनानंतर ते सुमारे १०५ कोटी मानले जाते. प्रक्रिया स्वतः याहून जुनी असणार.

कृषिक्षेत्रात आता याच्या उलट दिशेने, म्हणजे हे विभाजन टाळण्याचे, प्रयत्न चालू आहेत. भातातील तीन जनुके निकामी करून अर्धगुणसूत्री विभाजनाऐवजी सूत्री विभाजनासारखी वाटणी घडवता येते. २०१९ मध्ये ही युक्ती व फलनाविना गर्भ वाढवणारा बदल एकत्र करून आईशी तंतोतंत जुळणारी रोपे बियाण्यांतून मिळवण्यात आली.