रीनेम ‘अ‍ॅटॉमिक’ आहे, पण कुणासाठी?

कोड तपासताना हे तीन ओळींचं मंत्रपठण मला इतक्यांदा भेटलंय की आता डोळे मिटून सांगेन: तात्पुरत्या फाइलीत लिहायचं, क्लोज करायचं, मग रीनेम करून ती जुन्या नावावर बसवायची. वर टिप्पणी असते, “रीनेम अ‍ॅटॉमिक असतं, म्हणून सुरक्षित.” अ‍ॅटॉमिक म्हणजे झालं तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. टिप्पणीतलं पहिलं विधान खरं आहे. घात होतो तो ‘म्हणून’मुळे.

रीनेम काय करतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे ते उगाळत नाही. दोन्ही नावं एकाच फाइलसिस्टीमवर (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर) हवीत, नाहीतर ते सरळ एरर देतं. एवढं लक्षात असलं की झालं.

खरा गोंधळ ‘अ‍ॅटॉमिक’ या शब्दात आहे. लिनक्सच्या मॅन पेजवरचं, म्हणजे माहितीपुस्तिकेतल्या रीनेमच्या पानावरचं वाक्य एकदा सावकाश वाचा. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर ती अ‍ॅटॉमिक पद्धतीने बदलली जाईल, आणि ते नाव उघडू पाहणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) ते गायब झालेलं कधीही दिसणार नाही, असं ते म्हणतं. ‘दुसऱ्या प्रोसेसला.’ वीज गेली तर काय होईल, याबद्दल ते वाक्य चकार शब्द काढत नाही. चालू यंत्रावर काय दिसतं एवढंच ते सांगतं, आणि आपण मात्र त्यातून डिस्कवर काय उरेल याची हमी काढतो.

जीलिबसीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या मॅन्युअलने तर या गैरसमजाला खतपाणीच घातलंय. यंत्र मध्येच कोसळलं तर दोन्ही नावं शिल्लक राहू शकतात, पण नव्या नावाची फाइल असलीच तर धडधाकटच असेल, असं तिथे लिहिलंय. नावापुरतं ठीक आहे. पण वाचणारा ‘धडधाकट’ म्हणजे आतल्या मजकुरासकट असंच समजणार ना!

फाइलचं नाव डिरेक्टरीत (फोल्डरच्या यादीत) असतं आणि मजकूर डिस्कच्या ब्लॉकांत. दोघांचा डिस्कपर्यंतचा प्रवास वेगवेगळा. नाव आधी पोचलं, मजकूर मेमरीतच रेंगाळला आणि तेवढ्यात वीज गेली, तर हाती येते शून्य बाइटची फाइल. जुना मजकूर गेला आणि नवा आलाच नाही.

2009 मध्ये नेमकं हेच झालं. ईएक्सटी3 (लिनक्सची एक फाइलसिस्टीम) त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये नाव पक्कं करण्याआधी मजकूर डिस्कवर लिहायचं, तेही साधारण दर 5 सेकंदांनी, त्यामुळे चुकीचा कोडही वर्षानुवर्षं खपून गेला. त्याची पुढची आवृत्ती ईएक्सटी4 ब्लॉकवाटपच (मजकुराला डिस्कवर जागा देणं) लांबणीवर टाकायला लागलं आणि यंत्र कोसळल्यावर लोकांच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली रिकाम्या निघू लागल्या. ईएक्सटी4 सांभाळणाऱ्या थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की प्रोग्रामने एफसिंक करायला, म्हणजे मजकूर डिस्कवर पोचवायला कर्नलला सांगायला हवं होतं. तरीही त्यांनी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) 2.6.30 आवृत्तीत तोडगा घातला: रीनेमने जुनी फाइल बदलली जात असेल तर नव्या फाइलचे ब्लॉक लगेच वाटायचे. ही एका फाइलसिस्टीमने दाखवलेली मेहेरबानी आहे, फाइलसिस्टीम माउंट करताना (वापरासाठी जोडताना) बंदही करता येते. तिच्या भरवशावर कोड लिहू नये.

म्हणून एफसिंक दोनदा लागतं, आणि दोन्हींची कामं वेगळी आहेत. पहिलं तात्पुरत्या फाइलवर, रीनेमच्या *आधी*. दुसरं त्या डिरेक्टरीवर, रीनेमच्या *नंतर*. पहिलं गाळलंत तर नवं-जुनं दोन्ही हातचं जाऊ शकतं. दुसरं गाळलंत तर फार तर जुनी फाइल पूर्ण अवस्थेत परत दिसेल. खिडकीचा रंग लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रामला ते चालेल. “पैसे जमा झाले” असं ग्राहकाला कळवून बसलेल्या प्रोग्रामला चालणार नाही. लोक नेमका उलटा प्रकार करतात: कुठेतरी वाचून डिरेक्टरीवरचं एफसिंक हौसेने घालतात आणि फाइलवरचं विसरतात.

आणि डिरेक्टरीचं हे सगळं लिहिलंय कुठे? एफसिंकच्या पानावर. रीनेमचं पान उघडून बसलेल्या माणसाने तिकडे का म्हणून जावं? इशारा जिथे पाय घसरतो तिथे लावायचा असतो, पुढच्या गल्लीत नाही.

एफफ्लश आणि एफसिंक यांतला फरक एका ओळीचा आहे: पहिलं सी लायब्ररीचा बफर (मेमरीतला तात्पुरता साठा) कर्नलकडे रिकामा करतं, दुसरं कर्नलकडचं डिस्ककडे पाठवतं. सी लायब्ररीची ‘एसटीडीआयओ’ फंक्शनं वापरत असाल, म्हणजे एफओपन, एफराइट वगैरे, तर दोन्ही करा, याच क्रमाने. आणि क्लोज यशस्वी झालं म्हणजे मजकूर डिस्कवर गेला असं नाही. हे निदान क्लोजच्या पानावर तरी स्पष्ट लिहिलंय.

एफसिंकने एरर दिली तर पुन्हा एफसिंक करणाऱ्या लूपचा मला मनापासून राग आहे. लिनक्सवर पहिली एरर आल्यावर डिस्कवर न लिहिलेली मेमरीतली पानं (मजकुराचे तुकडे) कर्नलच्या लेखी स्वच्छ, म्हणजे लिहून झालेली ठरू शकतात. मग दुसरं एफसिंक यश कळवतं आणि मजकूर मात्र गेलेला असतो. 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना याचा शोध लागला. पुढच्या वर्षी 11.2 या आवृत्तीपासून त्यांनी एफसिंक फसल्यावर डेटाबेस सरळ पाडून लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) पुन्हा उभा करायचं ठरवलं. उद्धट वाटेल, पण बरोबर आहे.

मॅकवर तर साधं एफसिंक ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशेपाशी (तात्पुरत्या मेमरीपाशी) थांबू शकतं. पार तळाशी जायचं तर एफसीएनटीएल या फंक्शनला एफ-फुलएफसिंक हा आदेश सांगावा लागतो. हे अ‍ॅपलच्या पानावर लिहिलेलं आहे, पण ते पान उघडणार कोण? पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीमांच्या मानकाच्या टिपणीत तर एफसिंकने काहीच न करण्याची मुभासुद्धा काही परिस्थितीत मुद्दाम ठेवलेली आहे.

एकापेक्षा जास्त फाइली एकदम बदलायच्या असतील तर मी हा खेळ खेळतच नाही, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतो. एकच फाइल असेल तर वरचा क्रम एका छोट्या फंक्शनमध्ये बंद करून ठेवतो, आणि त्यावरच्या टिप्पणीत ‘अ‍ॅटॉमिक’ हा शब्द येऊ देत नाही.