आधी प्रायश्चित्त की आधी क्षमा?

फादरांना आपली पापे सांगून देवाची क्षमा मिळवणे हा कॅथलिक चर्चचा एक संस्कार. मुंबईतल्या एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या भाविकांत, त्याला चार-चार नावे ऐकू येतात. कोकणी घरांत कुमसार, तरुण मुलांच्या तोंडी कन्फेशन, मराठी भाविकांत पापनिवेदन किंवा प्रायश्चित्त, आणि १९७३च्या नव्या विधीनंतर पुढे आलेले नाव म्हणजे सलोख्याचा संस्कार. 'कुमसार' हे पोर्तुगीज 'कॉन्फेसार'चे रूप, त्याचा अर्थ सरळ आहे. गोंधळ होतो तो 'प्रायश्चित्त' या शब्दाने.

मराठीत प्रायश्चित्त म्हणजे दोष फेडण्यासाठी करायचे कृत्य: उपवास, स्नान, दान. आधी फेड, मग शुद्धी. हाच अर्थ मनात धरून माणूस फादरांसमोर गुडघे टेकतो आणि फादरांनी सांगितलेल्या तीन 'हेल मेरी' (मरियामातेची छोटी प्रार्थना) म्हणजे पापांची किंमत समजतो. मग एवढ्या मोठ्या पापाला एवढीच शिक्षा कशी, असे त्याला वाटते. काहींना तर क्षमा मिळालीच नाही असे वाटत राहते आणि ते तेच पाप पुन्हा पुन्हा सांगायला येतात.

गंमत नव्हे, पण पहिल्या शतकांत क्रम खरोखर असाच होता. मूर्तिपूजा, खून, व्यभिचार अशा पापांसाठी माणूस उघडपणे प्रायश्चित्तींच्या गटात उभा राहायचा. कधी कधी वर्षानुवर्षे उपवास आणि ख्रिस्तप्रसादापासून (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीपासून) वंचित राहणे, त्यानंतर बिशप त्याला मंडळीत परत घ्यायचे. ही संधी आयुष्यात एकदाच मिळे. परिणामी लोक ती मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागले. सहाव्या शतकापासून आयरिश मठवासीयांनी एकांतात, हव्या तितक्या वेळा पाप सांगण्याची पद्धत युरोपात नेली. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचे, याची कोष्टकेच त्यांच्याकडे होती. इसवी सन १०००च्या सुमारास आणखी एक बदल रूढ झाला: पाप सांगितल्याबरोबर पापमुक्ती, म्हणजे फादरांनी देवाच्या नावाने दिलेली क्षमा, आणि नेमून दिलेले कृत्य नंतर.

हा उलटलेला क्रम लक्षात घेतला नाही तर बाकी काहीच नीट कळत नाही. क्षमा आधी मिळते. हेल मेरी, उपवास किंवा एखाद्याला मदत हे त्यानंतरचे औषधपाणी. म्हणून 'सलोखा' हे नाव अधिक नेमके वाटते. प्रोटेस्टंट मराठी बायबलातला शब्दप्रयोगही फार बोलका आहे: 'पापे पदरी घेणे'. प्रोटेस्टंट चर्चमध्ये धर्मगुरूकडे एकट्याने जाण्याची सक्ती नाही, मंडळी उपासनेत एकत्र कबुली देते. पण माझे पाप माझ्याच पदरात, ही दिशा तीच.

कॅथलिक विधीत पाच गोष्टी लागतात: विवेकाची तपासणी, पापाबद्दल दुःख, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरांसमोर सांगणे आणि नेमलेले कृत्य. आत गेल्यावर मागचे कन्फेशन केव्हा झाले ते आधी सांगायचे. गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगायची, हा दंडक १५५१चा. 'मी वाईट वागलो' एवढे पुरत नाही, आणि सगळी हकिगतही नको. सर्वात जास्त वेळ जातो तो शेजारी आणि नातेवाइकांची पापे सांगण्यात. चुकून विसरलेले पाप माफ होते, पुढच्या वेळी सांगितले की झाले. गंभीर पाप जाणूनबुजून लपवले तर मात्र ते कन्फेशनच होत नाही. आणि चोरी सांगितली पण पैसे परत करायचा विचारच नसेल, तर निश्चय झाला असे म्हणता येत नाही.

गंभीर पापे वर्षातून एकदा तरी सांगण्याचा नियम १२१५चा. कन्फेशनची पेटी, जिच्यात फादर आणि भाविक यांच्यामध्ये जाळी असते, ती त्याहून बरीच उशिरा, सोळाव्या शतकात मिलानमध्ये आकाराला आली. त्याआधी माणूस फादरांच्या शेजारीच गुडघे टेकत असे.

१९७३च्या विधीने तीन प्रकार ठरवले. एकट्याने येणे हा पहिला. दुसरा ईस्टरआधीच्या उपवासकाळात मुंबईच्या पॅरिशांत दिसतो: संध्याकाळी वाचन, शांतता, मग आजूबाजूच्या चर्चमधून आलेले फादर चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बसतात आणि प्रत्येक जण एकेकाकडे जातो. वाद आहे तो तिसऱ्याचा, म्हणजे एकेकट्याने न सांगता सर्वांना एकत्र पापमुक्ती देण्याचा. मरणाचा धोका, किंवा फादर इतके अपुरे की लोकांना दीर्घकाळ वंचित राहावे लागेल, एवढीच मुभा. सणाची मोठी गर्दी हे पुरेसे कारण नाही, असे १९८३च्या चर्च-कायद्यात स्पष्ट आहे. म्हणजे सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला कितीही रीघ लागली तरी तिथे हा मार्ग चालत नाही. काही देशांत तो सवयीचा होऊ लागला होता. २००२ साली रोमहून त्याला पुन्हा लगाम घातला गेला, आणि ते योग्यच झाले. गर्दीत उभे राहून मनात पुटपुटलेले पाप आणि स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले पाप यांत फरक आहे. उच्चारताना आपल्याला ते ऐकू येते.

मार्च २०२० मध्ये मात्र ही मुभा खरोखर लागली. कोविडच्या वॉर्डाच्या दाराशी उभे राहून रुग्णांना एकत्र पापमुक्ती देता येईल, असे रोमहून कळवण्यात आले. व्हिडिओ कॉलवर कन्फेशन ऐकण्याची वाट खुली झाली नाही. ज्याच्यापर्यंत फादर पोहोचू शकणार नाहीत, त्याने देवावरील प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा आणि शक्य होताच कन्फेशनला जाण्याचा निश्चय ठेवावा, अशी सूचना होती. त्या दिवसांत एकत्र पापमुक्ती मिळालेल्यांनी गंभीर पापे पुढे संधी मिळताच एकट्याने सांगायची असतात. ती अट अजून लागू आहे.