बाईचं झाड होताना : रोमन पुराणकथांच्या जुन्या मुद्राचित्रांविषयी

दुकानात पहिल्यांदा येणारे बरेच जण विचारतात, "हे पेनानं काढलंय का?" नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईनं चित्र काढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. सुई जिथं फिरली, तेवढंच तांबं आम्ल खातं. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळाखालून काढायचा. याला एचिंग म्हणतात. कागद उजेडात तिरका धरलात तर पत्र्याची दबलेली कड दिसेल, कागद त्या कडेच्या आतून कापलेला नसेल तर.

फ्लोरेन्सचा अंतोनियो तेम्पेस्टा (१५५५–१६३०) रोममध्ये काम करायचा. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस' (म्हणजे 'रूपांतरं') या लॅटिन काव्यावर त्यानं अशी १५० एचिंग केली. ती १६०६ च्या सुमारास अँटवर्पला छापली गेली.

त्या काव्यातली आमची सर्वांत आवडती कथा डाफ्नीची. अपोलो देव तिच्या मागे लागलाय, धावून धावून ती थकलीय. ती नदीदेव असलेल्या आपल्या बापाला हाक मारते आणि तिचं लॉरेलचं झाड होतं. अपोलो खोडावर हात ठेवतो, तर सालीखाली काळीज अजून धडधडतंय. आपल्याकडे अहल्येला रामाच्या पायांची वाट तरी बघता आली. डाफ्नीला तीही सोय नाही.

कवी "झाड झाली" म्हणून पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला मात्र एकच क्षण निवडावा लागतो आणि हाताशी रंगही नसतो. कातडी आणि साल, दोन्ही काळ्या रेघांनीच दाखवायची. म्हणून डाफ्नीचं कुठलंही चित्र बघताना आधी बोटांकडे बघा. बोट कुठं संपलं आणि पान कुठं सुरू झालं, हे भिंगातूनही चटकन सांगता येत नसेल, तर काम उत्तम.

घेताना एक लक्षात ठेवा. अशा चित्रांच्या नकला त्या काळीही व्हायच्या. छापील चित्र समोर ठेवून जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं की छापताना डावं-उजवं उलटतं. शिवाय पत्रा झिजला की उशिराच्या प्रतींत बारीक रेघा फिकट येतात किंवा गायबच होतात. आम्ही प्रत्येक प्रतीमागे हे लिहून देतो, किंमतही त्यानुसारच लावतो.

फ्रेम करताना आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वापरा. सेलोटेप अजिबात नको, त्याचे पिवळे डाग जाता जात नाहीत. ऊन थेट पडेल किंवा पावसाळ्यात ओल येईल अशा भिंतीवर चित्र टांगू नका.

भिंग काउंटरवरच असतं. मागून घ्या आणि निवांत बघा.